चाळीस इशारे

माझी बायको इस्मेनिया वारली तेव्हा आमची यास्ना आठ वर्षांची होती. मी सात रात्री वर तांब्याच्या खाणीत, मग सात दिवस खाली कलामा शहरात. म्हणून पोर मेहुणीकडे राहिली. ओतिलिया म्हणाली, "भाऊजी, दिवसपाळी मिळवा नि लेक घेऊन जा. मार्चमध्ये मी कायमची दूर अरिकाला चालले. तोवर जमलं नाही तर तिलाही नेईन."

खाणीच्याच शहरातल्या दुरुस्तीखान्यात दिवसाची एक जागा होती. परीक्षा एवढीच: यंत्राचे चाळीस इशारे, कुठला दिवा लागला की काय करायचं. एकोणीस वर्षं रात्रपाळी केल्यावर माणूस सुट्टीतही दिवसात येत नाही. आमच्यात सगळेच खिडक्यांना चंदेरी कागद लावून दुपारी झोपतात. मी रात्री स्वयंपाकघरात बसून चाळीसही इशारे पाठ केले. पण सकाळी नऊला परीक्षेला बसलो की समोर नुसते दिवे. दोनदा नापास. आधी अकरा, मग चौदा.

खाणीवरची नर्स नुबिया म्हणाली, "डोक्यात आहे हो सगळं. पण तुमच्या अंगातलं घड्याळ नऊला झोपायला निघालेलं असतं. दोन-तीन महिने दिवसाउजेडी कामं करा, फिरेल ते."

"मग परीक्षाच रात्री दे की, घुबडा!" सिल्वेरिओ खिदळला. तो माझ्याच पाळीतला.

त्याची ती थट्टा, पण मी धरून बसलो. परीक्षा घेणाऱ्या उगार्तेबाई महिन्यातून एकदा वर मुक्कामी येत. त्यांना विचारलं.

"पहाटे तीनला? कॉफी तुमच्याकडून," त्या म्हणाल्या.

त्यांनी उलटसुलट विचारलं. चाळीसपैकी चाळीस. सिल्वेरिओने मला उचललंच.

पाळी सुटल्यावर मुकादम वेन्सेस्लाओने बोलावलं. कागद पुढ्यात होते.

"शाब्बास! रात्री चाळीस. आणि सकाळी?"

"साहेब, पास झालो ना?"

"झालास की. पण दुरुस्तीखाना आठला उघडतो. तिथे मला चौदावाला मिळायचा. माणसं मरतील, बाबा. त्यापेक्षा रात्रीच्या नियंत्रण खोलीत बस. असा माणूस मला शोधून सापडणार नाही."

"दिवसपाळी द्या, घड्याळ फिरेल. नर्स म्हणते दोन-तीन महिने."

"आधी फिरव, मग देतो."

"रात्रपाळी करून कसं फिरवू?"

त्याने खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

बसने खाली आलो. ओतिलियाच्या दारात यास्नाने विचारलं, "किती पडले, बाबा?"

"चाळीस."

ती उड्या मारत कपडे भरायला पळाली. ओतिलियाने माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे केली.

"तिला तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मीच सांगतो," म्हणालो. भर दुपारची वेळ. काय सांगायचं ते बसमध्ये ठरवून आलो होतो. खुर्चीत बसून ते आठवायचा प्रयत्न करत राहिलो.