कापडाचा रकाना

आमच्या माधव सरांना बायकांच्या पोटातल्या गाठींविषयी जगातलं सगळं ठाऊक होतं, फक्त बाई ठाऊक नव्हती.

२००७ साल होतं. पुण्यात जो तो परदेशातलं काम इथे आणून करत होता. कुणी बँकांची सॉफ्टवेअरं, कुणी विम्याचे फोन. डॉक्टर माधव सरांनी एका परदेशी कंपनीच्या औषधाची चाचणी आणली. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होतात, त्यामुळे पाळीत बेसुमार रक्त जातं. ते कमी करणारी ही गोळी. बिबवेवाडीत एसी ऑफिस झालं आणि बीएस्सी झालेली मी, आम्रपाली, तिथे संगणकात आकडे भरायला बसले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं होतं. त्याचा मला भलताच अभिमान वाटायचा, हे आज सांगताना लाज वाटते.

मांजरी गावच्या चौदा बायका चाचणीत होत्या. प्रत्येकीला एक गुळगुळीत वही दिली होती. मुखपृष्ठावर पांढऱ्याशुभ्र झग्यात कुरणातून धावणारी गोरी बाई. पाळीच्या वहीवर पांढरा झगा छापणाऱ्यांची अक्कल तेव्हाच दिसायला हवी होती. आत रोजच्या तारखेपुढे एकच रकाना: आज वापरलेल्या पॅडची संख्या. पहिल्या महिन्यात गोळी नव्हती, नुसतं मोजमाप होतं. त्या महिन्यापुरते कंपनीने पॅडचे पुडे वाटले. दुसऱ्या महिन्यात गोळी सुरू झाली आणि पुडे बंद झाले, कारण करारात ते तेवढेच होते.

आणि चमत्कार झाला. चौदापैकी अकराजणींच्या वहीत शून्य. सरांनी पेढे वाटले आणि सिंगापूरच्या परिषदेसाठी स्लाइड करायला घेतल्या. मोठ्या हिरव्या अक्षरांत शून्य, खाली सरांचं नाव.

त्या अकराजणींत तुळजाबाई होती. वय त्रेचाळीस, मांजरीत मेथी-कोथिंबिरीचे वाफे. ती चाचणीत आली ती एकाच अटीला भुलून: सहा महिन्यांत गोळीने रक्त थांबलं नाही, तर कंपनी ऑपरेशन करून देणार होती. तिला ते ऑपरेशन हवं होतं, गोळीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. दर महिन्याला बसने येऊन ती वही माझ्या हातात द्यायची आणि न चुकता मेथीची एक जुडी. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट वेगळ्या फायलीत जायचा. नऊ, मग आठ, मग सात. मी एकदा सरांना विचारलंही.

"अहो आम्रपाली, या बायका पालेभाज्या खात नाहीत," सर म्हणाले.

मेथी पिकवणाऱ्या बाईबद्दल हे बोलताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. मी मान डोलावली आणि जागेवर जाऊन पुढचं शून्य भरलं.

पाचव्या महिन्यात तुळजाबाई जिना चढून आली आणि दारातच बसली. नखं पांढरीफटक पडली होती. मी पाणी दिलं.

"म्याडम, माजं आपरेशन कवा?"

"तुमचं तर थांबलंय ना? मग ऑपरेशन कशाला?"

"कुनी सांगितलं थांबलंय? उभं ऱ्हायलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया."

"वहीत तर शून्य लिहिलंय तुम्ही."

"त्यात पॅड लिवायचं हाय. दिलं तवा लिवलं. आता पॅड कुठाय? कापड घेती मी. दिसाला आठ-आठ डाव बदलती." मग जराशी दुखावून म्हणाली, "न्हाई वापरलं ते कसं लिवू? खोटं लिवाय येत न्हाई मला."

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वहीत कापडाचा रकाना आहे का?"

"नाही सर."

"मग ते आपल्या अभ्यासात नाही. आणि ज्यांचं शून्य, त्यांना ऑपरेशन नाही. नियम कंपनीचा आहे. आपण शास्त्र करतोय, समाजसेवा नव्हे."

पाचशे बायकांची पोटं उघडून पाहिलेल्या या माणसाने घरी बायकोची दोरीवर वाळणारी साडीसुद्धा कधी उचलून पाहिली नसणार. मला त्या क्षणी त्यांचा इतका तिटकारा आला, की भीती वाटायची राहूनच गेली.

मी तुळजाबाईचं रक्त पुन्हा तपासायला लावलं. पाच पूर्णांक आठ. एखाद्या बाईच्या जिवाला धोका असेल तर चोवीस तासांत कंपनीला कळवायचं, असा नियम होता, आणि ते कळवायची सही माझी होती. जाड नियमावली वाचायचा कंटाळा म्हणून सरांनीच ते सहीचं काम मला देऊन टाकलं होतं. मी फॅक्स केला. खाली एक ओळ जास्तीची लिहिली: या बायका कापड वापरतात.

दुसऱ्या दिवशी फोन खणखणले. कंपनीला तुळजाबाईची नाही, कोर्टाची काळजी होती. मला तीही चालणार होती. तिला रक्त चढवलं, आठवड्याने ऑपरेशन झालं. ओल्या नारळाएवढी गाठ निघाली. बाकीच्या दहाजणींची तपासणी पुन्हा सुरू झाली. सर तरीही सिंगापूरला गेलेच. स्थानिक सवयींमुळे माहितीत त्रुटी राहिल्या, असं तिथे म्हणाले आणि टाळ्या घेऊन आले.

तुळजाबाईला भेटायला मी दवाखान्यात गेले तेव्हा हे सगळं तिला सांगत बसले. सरांना कशी अक्कल नाही, एवढं शिकून कसे कोरडे पाषाण, साधं विचारायला काय झालं होतं. चांगली दहा मिनिटं बोलले. ती उशीला टेकून ऐकत होती.

"त्यो बाप्या मानूस," ती म्हणाली. "त्याला काय ठावं? पर वही तर मी तुमच्याच हातात देत हुते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच कोडं पडल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

माझी आई तेव्हा कापडच वापरायची. आमच्या घरी मोरीबाहेरच्या दोरीवर साडीच्या आड ते वाळत असायचं. ओळखपत्र अडकू नये म्हणून एका हाताने धरून, मी रोज सकाळी त्याच दोरीखालून वाकून ऑफिसला जात होते.