पिवळं पाणी

कवठे महांकाळच्या माळावर कोंडीबा महाराजाच्या मांडवात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज रोग्याच्या हाताला कसलासा रस चोळायचा, मनगटावर सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा आणि हात परातीत धुवायचा. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं.

“बघा, उतरली कावीळ! दवाखान्याच्या मशिनीला दिसत न्हाई, ती माझ्या परातीला दिसती!”

बाया हात जोडायच्या. पुढच्या मनगटाला तीच सुई.

रांगेत आई दिसली तशी संयोगिता धावलीच. हायस्कुलात विज्ञान शिकवणारी ती. तिचा फौजी भाऊ पृथ्वीराज उन्हाळ्यात सुट्टीवर आला होता. अंग दुखतंय म्हणाला, म्हणून आई, अंबूबाई, त्याला इथंच घेऊन आली. पावसाळा संपता संपता पुन्हा घरी आला, तेव्हा त्याचे डोळे पिवळेजर्द झाले होते. आईनं पुन्हा इथंच आणलं. सांगलीच्या दवाखान्यात नेईतोवर यकृत निकामी झालं होतं. बरळत होता, बायकोलाही ओळखेना. तसाच गेला.

आता त्याची पोटुशी बायको क्रांती रांगेत उभी होती.

“आई, हिला कशाला आणलंस?”

“लय गळल्यासारखं वाटतंय तिला. पोटात पिरथ्याचं लेकरू हाय. ते तरी राखाय नको व्हय?”

संयोगितानं क्रांतीचा हात धरून तिला बाजूला घेतलं. सांगलीच्या दवाखान्यातून संयोगितासोबत आलेल्या डॉक्टर प्रियदर्शनी पुढं झाल्या. संयोगितानं रसाची बाटली उचलून हुंगली आणि गर्दी आवरणाऱ्या दादासो पैलवानाला म्हणाली, “दादा, तुम्हाला कावीळ झालीय?”

“मला? कवाच न्हाई!”

तिनं त्याच्या हाताला रस चोळला, हात परातीत धुतला. पाणी पिवळं झालं. पैलवान हाताकडं बघतच राहिला. मग तिनं पिवळ्या डोळ्यांच्या एका म्हातारीच्या हाताला तोच रस चोळला, पण हात टाकीतल्या साध्या पाण्यात धुतला. पाणी होतं तसंच.

“बाटलीत आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाय, परातीत चुन्याची निवळी. दोन्ही एक झाली की पिवळं होतं. काविळीचा काय संबंध?”

“देवाची थट्टा करतीस?” महाराज गरजला.

“थट्टा झाली असती तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “ही सुई माणसं मारतेय. हिपॅटायटिस बी हा काविळीचा विषाणू रक्तातून पसरतो. वाळलेल्या रक्तातसुद्धा आठवडाभर टिकतो. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो, म्हणून त्याचे वेगवेगळे वाण तयार होतात. माणसं वेगवेगळ्या ठिकाणी आजारी पडली असती, तर वाणही वेगळे निघाले असते. तुमच्या गावांतल्या रोग्यांच्या रक्तात एकच वाण निघाला, त्याच त्या चुकांसकट.”

“अख्ख्या वर्गानं एकच चुकीचं उत्तर लिहिलं, तर काय समजायचं?” संयोगितानं विचारलं.

“एकाचं बघून लिवलंय,” पैलवान पुटपुटला.

“तसंच. एका रक्तातनं दुसऱ्या रक्तात ते या सुईनं नेलं. टोचल्यावर कावीळ दिसायला दोन-चार महिने जातात. तवर सुई कुणाच्या ध्यानात राहती? माणूस परत इथंच येतो. कावीळ वाढली म्हणून ही गर्दी न्हाई. ही गर्दी झाली म्हणून कावीळ वाढली.”

ज्याच्या त्याच्या नजरा स्वतःच्या मनगटाकडं गेल्या. महाराज मागच्या कनातीतून सटकला, तर पैलवानानंच त्याला धरून आणलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

“म्हंजी पिरथ्याला मीच...” अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. संयोगितानं तिला जवळ घेतलं.

क्रांतीच्या रक्तात तोच वाण निघाला, नवऱ्याकडून आलेला. मुलगी झाली तशी काही तासांतच तिला लस आणि विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं. पुढचे डोस चुकले नाहीत. वर्षानंतर तपासलं, पोरीचं रक्त स्वच्छ होतं. क्रांतीचा आजार मात्र तिच्याजवळच राहिला. गावांत घरोघरी तपासण्या झाल्या. काही जणांना फार उशिरा कळलं.

परवा शेजारीण अंबूबाईला म्हणाली, “पलीकडच्या गावात एक बाई कावीळ उतरवती म्हणं. गुण येतोय.”

नातीला मांडीवर घेऊन बसलेली अंबूबाई कडक आवाजात म्हणाली, “गुण मागनं बघ. आधी इचार, सुई कुणाच्या रक्तातनं आली. म्या इचारलं न्हवतं.”