क्रमांक सातचा फळा

आमच्या अध्यापक विद्यालयात एक रीत आहे. पाठ घेणारी विद्यार्थिनी मध्येच खडू खाली ठेवते, थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि तिथून आपलाच फळा वाचते. वाचता आला नाही तर पुसून पुन्हा लिहिते. पाहुण्यांना हे नाटक वाटतं. वाटेना का! दुसऱ्या कुठल्या विद्यालयात अशी रीत असेल तर दाखवा, मी नोकरी सोडते.

ही रीत पाडली कुणी, हे मात्र वीस वर्षं इथे शिकवूनही मला माहीत नव्हतं. विद्यालयाला साठ वर्षं होणार म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी कपाटातून जुनं शेरेबुक काढलं. तपासणीला आलेले साहेब आपलं मत त्यात लिहून जातात. पहिल्याच वर्षाचा शेरा होता:

'विद्यार्थिनी क्रमांक सात हिने मध्येच शेवटच्या बाकावर बसून स्वतःचा फळा वाचला, पुसला व पुन्हा लिहिला. पाठ अपुरा राहिला. अशी शिक्षिका मी प्रथमच पाहिली. विद्यालयास मान्यता द्यावी.'

खाली पहिल्या प्राचार्य बाईंची टीप होती: 'पुढील वर्षापासून सर्वांनी असेच करावे.'

क्रमांक सात म्हणजे माझी आत्या. त्या पाठाचं रडगाणं ऐकतच मी मोठी झाले होते. रिकाम्या गोदामात भरणारा वर्ग, नऊ जणींची पहिली तुकडी, उसने आणलेले बाक. वर्षाचा शेवटचा पाठ, समोर साहेब, आणि मागची एक मुलगी म्हणाली, "बाई, काहीच दिसत नाही." पुढचं, शेवटच्या बाकाचं नावही न घेता, आत्या नेहमी एकाच वाक्यात संपवायची. "घंटा झाली, पाठ अर्धाच, सगळ्यांसमोर मी विद्यालयाचं नाक कापलं." मग लांबच्या शाळेत नोकरी लागली. चौतीस वर्षं तिनं शिकवलं, पण विद्यालयाची पायरी पुन्हा चढली नाही. आपल्याला दया म्हणून पास केलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी शेरा उतरवून तिला वाचून दाखवला.

"काहीतरीच," आत्या म्हणाली. "माझं मन राखायला तूच लिहिला असशील."

माझं डोकं फिरलं. "चल, चप्पल घाल," मी म्हटलं.

वर्गात मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि मागे उभी राहिले. पाठ घेणारी मुलगी घामाघूम झाली होती. पंधरा मिनिटांनी तिनं खडू ठेवला आणि तरातरा मागे आली.

"आजी, जरा सरकता का?" म्हणत ती आत्याशेजारी बसली, डोळे बारीक करून फळ्याकडे बघत राहिली. "छे, बारीक झालंय," असं पुटपुटत ती परत गेली आणि तिनं सगळं पुसून टाकलं.

आत्या माझ्याकडे वळली. "हिला हे कुणी शिकवलं गं?"

"तू," मी म्हटलं. "हिला, मला, साठ वर्षांतल्या सगळ्यांना."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आत्यानं मात्र चष्मा पुसला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि मुलांसारखी हाताची घडी घातली.

"गप्प उभी राहा," ती मला म्हणाली. "पाठ पुरा होऊ दे."

घंटेआधी दोन मिनिटं तो पुरा झाला.