बकिटातलं पाणी

साखराबाईनं ज्वारीचं आणखी एक ताट मुळासकट उपटलं आणि ओढ्यात भिरकावलं. पावसानं ओढ दिल्यामुळं ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली होती, पण हिरवीगार होती. अर्धा पट्टा उघडा पडला होता. बांधाच्या अलीकडं, आपल्या सोयाबीनमध्ये शिवमूर्ती खुरपं घेऊन केव्हाचा बसला होता. त्या खुरप्यानं गवताची एक काडी निघाली नव्हती.

“मावशी, उभी ज्वारी कामून उपटायलाव?”

“कोवळ्या ज्वारीत इख असतंय. हिनंच खाल्ली माझी म्हैस,” ती वर न बघता म्हणाली. “सोमेश म्हणतो, एक जनावर राखता आलं न्हाई तुला. खरंच हाय त्याचं. दोन घास घेऊ दिले मी तिला.”

सोमेश तिचा मुलगा. म्हैस गेल्यापासून तो आईशी बोलत नव्हता. तिनं वाढलेलं ताट उचलून ओसरीवर जाऊन जेवायचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हैस ज्वारीनं गेली नाही, हे मात्र एकट्या शिवमूर्तीला ठाऊक होतं.

त्या दिवशी फवारणीसाठी त्यानं विहिरीजवळ बकिटात युरिया विरघळवला होता. कीडनाशकाची पावडर कालवली की पाणी दुधासारखं होतं, उग्र वास सुटतो, जनावर नाक लावतं आणि मागं सरतं. पेंडीचं पाणी जरा वेळ ठेवलं तरी पेंड खाली बसते, पाणी वर राहतं. युरियाचं तसं नसतं. पांढरे दाणे काठीनं ढवळले की नाहीसे होतात. दिवसभर ठेवा, तळाला काही बसत नाही. फडक्यातून गाळा, फडक्यावर काही उरत नाही. पाण्यासारखं पाणी. हाताला तेवढं गार लागतं. शेजारीच साध्या पाण्याचं दुसरं बकीट भरून ठेवलेलं होतं, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच.

तेवढ्यात निलंग्याच्या पंप दुरुस्तीवाल्याचा फोन आला. रेंज नीट येईना म्हणून शिवमूर्ती बोलत बोलत पार आखाड्यापर्यंत, शेतातल्या छपरापर्यंत गेला. मागून साखराबाईनं हाक दिली.

“शिवमूर्ती, बकिटातलं पाणी पाजू का रं म्हशीला? लई तहानली हाय.”

त्यानं फोन कानाला तसाच ठेवून हात हलवला.

“पाजा की.”

परत आला तर एक बकीट रिकामं होतं. दुसऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं चाखलं. गोडं पाणी. मग रिकाम्या बकिटाच्या तळाशी बोट फिरवून जिभेला लावलं आणि थुंकला. तोवर पलीकडच्या लिंबाखाली म्हैस थरथर कापायला लागली होती.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा ती आडवी झालेली होती. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस. शिवमूर्ती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

“कोवळी ज्वारी खाल्ली का?” डॉक्टरांनी विचारलं.

“खाल्ली दोन घास.”

“आणि युरिया? कुठं चाटला, पाण्यातून पोटात गेला? नीट आठवून सांगा. त्याला औषध वेगळं लागतं. व्हिनेगर पाजावं लागेल.”

“न्हाई ओ सायेब. निस्तं पाणी पिली. निर्मळ पाणी.” साखराबाईनं शिवमूर्तीकडं बघितलं. “व्हय का न्हाई रं?”

शिवमूर्तीनं होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी ज्वारीच्या विषावरचं इंजेक्शन भरलं. सुई शिरेत जाईपर्यंत सांगता आलं असतं. गेल्यावरही आलं असतं. तो म्हशीचा कान चोळत राहिला, आणि कान गार पडला तरी चोळतच होता.

आता साखराबाई पुढच्या ओळीला लागली. ताट निघेना म्हणून तिनं दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि मागं कलंडली. शिवमूर्ती खुरपं टाकून बांध ओलांडून गेला. तिला उठवलं. तिचे तळवे सोलवटून निघाले होते.

“मावशी, ज्वारीनं न्हाई मेली म्हैस.”

तिनं हात झटकले.

“त्या बकिटात मी युरिया घातलेला होता. तुम्ही इचारलं तवा मी फोनवर व्हतो. दुसरं बकीट डोळ्यापुढं व्हतं माझ्या. पाजा म्हणलो.”

साखराबाई तिथंच खाली बसली. शिवीगाळ होईल, माती फेकून मारेल, गाव गोळा करेल, अशी त्याची तयारी होती.

“म्हंजी माझी ज्वारी न्हवं,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“दोन घासांनी काय व्हतंय, मी म्हणतच व्हते.” तिचा चेहरा सैल पडला. हातातलं ताट तिनं ओढ्याकडं टाकलं नाही, बाजूला ठेवलं. “वाळवून घालीन रेडकाला. चुकून झालं रं तुझ्याकडून. फोनच्या नादात व्हतंय असं माणसाचं. सोमेशला तेवढं तू सांग. माझं न्हाई ऐकायचा तो.”

“सांगतो.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा शिवमूर्तीला पोटभर श्वास घेता आला. तो वाकून ताटं गोळा करायला लागला. साखराबाईनं जुन्या लुगड्याच्या धडप्यावर ती एकावर एक रचली, गाठ मारता मारता सहज म्हणाली,

“डॉक्टर युरियाचं इचारत व्हते. तवा तुझ्या ध्यानात आलं नसंल.”

शिवमूर्तीचे हात थांबले. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिनं पुढं काही विचारलं नसतं.

“आलं व्हतं,” तो म्हणाला.

साखराबाईनं गाठ आवळली. मग पुन्हा आवळली. भारा डोक्यावर द्यायला तो पुढं झाला, तशी ती भाऱ्यावर हात ठेवून उभी राहिली.

“सोमेशला बकिटाचं बी सांग, अन् डॉक्टरचं बी,” ती म्हणाली. “येगळं येगळं सांग.”

आणि भारा डोक्यावर न घेता, गाठीला धरून ढेकळांतून ओढत ती घराकडं निघाली.