तानाबाईनं माझी वाट पाहिली

मी एक जुनी, दात झिजलेली मेंढी आहे. सांगोल्याचं माळरान हे माझं घर. आता मी कळपाच्या मागून हळूहळू चालते. पण मित्रांनो, तानाबाईपाशी काढलेल्या माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगताना माझे कान आजही ताठ होतात.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं राखणाऱ्या तानाबाईची सगळी मेंढरं मेली. पुढं ती मोठा कळप असलेल्या धुळादादांची मेंढरं राखू लागली. एका दसऱ्याला धुळादादांनी मला तिच्यापुढं उभं केलं. मी तेव्हा अगदी हडकुळी होते.

"तुज्या राखणीची मजुरी ही. फुडच्या दसऱ्याला ने. तवर व्यायला बी ईल."

तानाबाईचा चेहरा उतरला. "लई लांब हाय की, दादा. कोण थांबंल तवर?"

"मग त्यो एडका घे. संक्रांतीला तुजा."

एडका काय देखणा होता! आता तिनं त्यालाच घेतलं तर? तानाबाई त्याच्याकडं गेली आणि शिंग धरून त्याला माझ्याशेजारी घेऊन आली. आम्हा दोघांकडं ती आळीपाळीनं बघत राहिली.

"एडका संक्रांतीला बाजारात जाईल," ती सावकाश म्हणाली. "मग दसऱ्याला माज्यापाशी काय? कायबी न्हाय. हिच्यामागं मातुर कोकरू आसंल. कळपच की त्यो."

मी एकटी होते तेव्हा तिला नुसतं लांबलचक वर्ष दिसत होतं. एडका शेजारी येताच वर्षापलीकडचं दिसू लागलं.

"हीच," ती म्हणाली. मी टुणकन उडी मारली.

संक्रांतीला एडका विकला गेला, तेव्हा मात्र ती बाजाराच्या वाटेकडं बघत उभी राहिली. उन्हाळ्यात माळ करपला. ती माणगंगेच्या कोरड्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरायची, आधी मला पाजायची, मग स्वतः प्यायची. माझ्यासाठी पदरात बाभळीच्या शेंगा आणायची. पावसाळ्यात माझं पोट भरू लागलं, तशी ती रोज त्यावरून हात फिरवू लागली.

दसऱ्याच्या तोंडावर, पहाटे मी व्याले. काळं कोकरू तिनं पदरानं पुसलं. तेवढ्यात धुळादादा वाकून म्हणाले, "थांब, आजून एक हाय."

जुळी! तानाबाई हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, वाट बघायचं ठरवलंत तर नुसते बसू नका. ज्याची वाट बघता, त्याला रोज पाणी पाजा. दसऱ्याच्या सकाळी तानाबाई आमच्या तिघांच्या पुढं चालली, आणि लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "माजा कळप हाय."