विहीणबाईंचं आवतण

माझी हळद तोंडावर आलेली असताना वहिनीच्या गावावरून वादळ गेलं. गाव म्हणजे तिकडे फिलिपिन्समधलं एक बेट. माझा भाऊ कुणाल दुबईत हॉटेलात कामाला होता. तिथे त्याला ही मारिसेल भेटली, आणि लग्न करून तो तिला आमच्या गावी, काल्हेरला घेऊन आला. आता तो आमचं गोडाऊन सांभाळतो आणि ती आम्हा सगळ्यांना. तांदळाची भाकरी ती माझ्यापेक्षा गोल थापते, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. माझ्या सासरच्यांनाही सांगून झालंय.

वहिनीची आई रोसालिंडा बेटावर एकटी राहायची. समुद्र गावात शिरला, एवढंच बातम्यांत कळलं. टॉवर पडले, फोन बंद. कुणालने विमानांची चौकशी केली, तर मनिलापर्यंत जाता येत होतं, पुढे बोटी बंद.

"तिथे किनाऱ्यावर उभी राहून काय करू?" वहिनी म्हणाली आणि भाविकचा डबा भरायला लागली. भाविक तिचा मुलगा, बालवाडीत जातो. त्याला शाळेत सोडायचं, बोंबील तळायचे, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकायच्या, सगळं रोजच्यासारखं. मध्येच फोन लावायची, कानाला धरायची, ठेवायची आणि परत उलथनं हातात. तिला काही विचारायची सोय नव्हती. "काही कळलं?" म्हटलं की "कांदा चिरतेस का?" हे उत्तर.

मदतीला म्हणून आलेली आक्का आत्या पहिल्याच दिवशी बोललीच, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." वहिनी मागच्या दारात भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं असणारच. मी आत्याशी बोलणं टाकलं. माझ्या लग्नापुरती तरी ती गप्प बसेल असं वाटलं होतं, पण जित्याची खोड.

आई तशी बोलली नाही. तिने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, "समिंदर घरान शिरल्यावर म्हातारं मानूस ऱ्हातं व्हय गो? आपली खाडीकाठची मानसं, आपल्याला सांगावं लागत न्हाय." मग जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांसमोर विषय काढला. हळद पुढे ढकलू. सुनेची आई सापडत नसताना दारात डीजे लावणं बरं दिसत नाही.

बाबा, म्हणजे केसरीनाथ, लगेच मधला मार्ग काढायला गेले. "आवाज कमी ठेवू." आमच्याकडे हळदीला आवाज कमी म्हणजे मटणात मीठ कमी.

"न्हाय," वहिनी म्हणाली. ती मराठी आईकडूनच शिकली, त्यामुळे भांडते तेव्हा आईसारखीच भांडते. "हळद थांबवायची न्हाय. माजी आई मेली, असं कोनी सांगलं तुमाला?"

"कोनी न्हाय सांगलं गो बाय. पन लोकं काय म्हनतील?"

"लोकं म्हनूदेत. तुमी हळद थांबवली, तर ती गेली असं मीच म्हनल्यासारकं व्हईल. मी न्हाय म्हननार." आणि ती ताटं उचलून आत गेली.

हळद ठरल्या दिवशी झाली.

आमच्यात हळदीला धवलारीण येते. ती मांडवात बसून गाण्यातून आवतण करते. आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग जित्या सोयऱ्यांना. गेलेल्याचं नाव आलं की त्याच्या वाटची हळद विड्याच्या पानावर ठेवायची. जिवंत माणसाचं आलं की त्याने उठून नवरीला लावायची, आणि तो आला नसेल तर त्याच्या वतीने घरच्या कोणीतरी.

धवलारीण म्हणून टेमघरची सीताबाई आली होती. तिने देव घेतले. माझे आजोबा घेतले, आजी घेतली. आईने पानावर हळद ठेवली. आणि मग सीताबाई थांबली. बाई गावोगाव फिरणारी, तिच्या कानावर सगळं आलेलं.

"गोदू," तिने आईला सरळच विचारलं, "सुनंच्या आयशीचं नाव हितं घेऊ, का म्होरं?"

डीजेवाला अजून यायचा होता. त्यामुळे तिचा प्रश्न सगळ्या मांडवाला ऐकू गेला. वहिनी माझ्या शेजारीच वाटी धरून बसली होती. आता ती बोलेल, असं मला वाटलं. आईशी भांडली होती ती याच्यासाठीच. पण तिला आता "म्होरं" म्हणवेना.

आईने पान आपल्याकडे ओढलं आणि पदराखाली झाकलं.

"म्होरं घे," ती म्हणाली. "जित्या मान्सान. माजी विहीन हाय ती."

सीताबाईने मान डोलावली. मामा झाले, आत्या झाल्या, आणि तिने सूर लावला. "ये गो रोसालिंडाबाय, दर्या वलांडून ये, लेकीच्या मांडवी हळद लावाया ये."

वहिनी उठली नाही. "आई," ती एवढीशी होऊन म्हणाली, "ती नसंल तर?"

"नसंल तर रडू. मी पन रडंन तुज्यासंगं. आज तिला आवतन हाय, तिची हळद लाव."

वहिनीने वाटीत बोटं बुडवली. मीच तिचा हात धरून माझ्या गालावर दाबला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, चांगली मोठ्याने, आणि सीताबाई तिच्या रडण्याच्या वर आवाज चढवून पुढच्या पाहुण्यांची नावं घेत राहिली.