गच्चीवरचं जहाज

ताराचंदांना तोंड आहे, हे मैनाबाईंना फक्त जेवायच्या वेळीच पटायचं. एरवी त्या तोंडातून एकच वाक्य निघायचं आणि लग्न झालं तेव्हापासून मैनाबाई ते ऐकत आल्या होत्या. "मले काय, काहीही चालते."

भाजी कोणती करू? मले काय, कोणतीही चालते. प्रज्वलसाठी दोन मुली पाहिल्या, सून कोणती करायची? मले काय, दोघीही चांगल्या हायेत. नंदनवन वस्तीतला प्लॉट रस्त्याकडचा घ्यायचा की मागचा, हे विचारलं तेव्हा तर हा माणूस प्लॉटच्या मधोमध उभा राहून आभाळाकडे पाहत होता, जसं काही उत्तर वरूनच पडणार होतं. मग मैनाबाईंनीच निवडलं. सगळं त्यांनीच निवडलं आणि बहुतेक चांगलंच निवडलं. पण गेल्या साली घराला जो रंग दिला, तो एका पावसात शेवाळ धरल्यासारखा झाला. गल्लीतल्या कोणी विचारलं की ताराचंद फाटकाशी उभे राहून, चेहरा अगदी गरीब करून सांगायचे, "आमच्या घरच्यांनी पसंद केला जी."

ते वाक्य मैनाबाईंच्या जिव्हारी लागलं होतं. चांगलं झालं तर घराचं नशीब, वाईट झालं तर मैनाबाईची पसंती. असा संसार दुसऱ्या कोणत्या बाईनं केला असता, हे त्यांना बघायचं होतं.

म्हणून जहाजाची गोष्ट निघाली तेव्हा त्या पहिल्याच दिवशी बोलून बसल्या, "या टायमाले मी तोंड उघडणार नाही. खोली कोणती घ्यायची ते तुमचे बाबूजी सांगतीन."

गोष्ट अशी होती. प्रज्वलचं धंतोलीत औषधांचं दुकान. धंतोलीत दवाखाने इतके की दुकानाला सुट्टी अशी नाहीच. पण आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, तर त्यांना मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर न्यायचं, हे त्यानं मनात घेतलं. तो, बायको काजल, पोरगी रितिका आणि हे दोघं. जहाजात खोल्यांचे प्रकारच प्रकार. शेवटी दोन उरले. एक फॅमिली सूट. त्यात दोन खोल्या, मध्ये मोठा दिवाणखाना, जेवायचं टेबल आणि चहापाणी द्यायला चोवीस तास एक कोटवाला माणूस. सगळे एकत्र राहणार, रितिका आजीआबाजींच्या खोलीत झोपणार. नाही तर दोन लहान बाल्कनी सूट. एकेक खोली, एकेक बाल्कनी, खाली पाणी. शेजारशेजारच्या संपल्या होत्या, म्हणून एक या मजल्यावर तर दुसरी त्या मजल्यावर.

प्रज्वल-काजलला फॅमिली सूटच पाहिजे होता. म्हातारी माणसं डोळ्यांसमोर राहतील. आणि खरं सांगायचं तर मैनाबाईंनाही तोच पाहिजे होता. काजलची आई प्रेमलता मागच्या साली अशाच जहाजावर जाऊन आली होती, बाल्कनी सूटमध्ये. त्या बाल्कनीचे व्हिडिओ तिनं नात्यागोत्यात इतके फिरवले होते की मैनाबाईंना ती बाल्कनी स्वतःच्या मोरीपेक्षा जास्त पाठ झाली होती. बोलायचं नाही असं ठरवूनही त्या फोनवर विहिणीला बोलून गेल्याच होत्या, "आमच्यात दिवाणखाना हाये म्हणते बाई. आता इतक्या जागेचं काय करावं, समजून नाही राहिलं."

पण निवडायचं नाही म्हणजे नाही. एकदा, मरण्याआधी एकदा, या माणसाच्या तोंडून 'मला हे पाहिजे' असं ऐकायचं. मग ते मनासारखं असो की नसो.

आठ दिवस झाले. ताराचंदांचं उत्तर ठरलेलं. रविवारी दुपारी प्रज्वल फोन हातात घेऊनच जेवायला बसला.

"आई, सांग ना वं आता. टूरवाली सुरुची संध्याकाळपर्यंतच थांबणार हाये."

"मले काहून विचारून राहिला? तुहा बाप समोर बसला हाये. त्याले विचार."

"बाबूजी?"

ताराचंदांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "मले काय, कुठंही चालते."

"पाहा!" मैनाबाई म्हणाल्या. "जहाजाच्या भोंग्यात झोपवलं तरी चालन यांले."

"आई, तुम्हीच सांगा," काजल हळूच म्हणाली. "फॅमिलीच करून टाकू. तुम्हालाही तोच आवडला ना?"

"मले काय आवडलं ते मी कोणाले सांगतलं नाही." हे खोटं होतं आणि सगळ्या घराला माहीत होतं. मैनाबाईंनी ताटातच हात धुतला. "फोनातल्या फोटोत कोंबड्यायचं खुराडंही महाल दिसते. म्हणून यांचं ठरत नसन. रितिके, त्या खोल्यायची लांबीरुंदी हाये का तुह्या फोनात?"

"आहे ना, आजी."

"मंग चाल गच्चीवर. पायानं चालून पाहू दे यांले."

मैनाबाई तिसरीपर्यंतच शिकल्या होत्या, पण उमरेडला हातमागावर आयुष्य गेलेल्या घरातल्या. साडी किती लांब आणि किती रुंद, हे त्यांचा हात डोळ्यांच्या आधी सांगायचा. त्यांनी पेटीतून जुन्या सुती साड्या काढल्या. रितिका फोनमधले आकडे वाचायची, मैनाबाई साडी सोडायच्या, काजल टोकावर वीट ठेवायची. वारा आला की दिवाणखान्याची भिंत उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची. शेवटी घरातल्या सगळ्या चपला भिंतींवर ठेवल्या, तेव्हा कुठं जहाज जागेवर थांबलं. एका बाजूला मोठा सूट, दुसऱ्या बाजूला लहान. लहान्याच्या बाल्कनीला लाल काठाची साडी.

"चला, सगळे आत," मैनाबाईंनी हुकूम सोडला. "राहून दाखवा."

प्रज्वल चटई टाकून 'आपल्या' खोलीत आडवा झाला आणि खरंच घोरायला लागला. काजल दिवाणखान्यात फिरत फिरत माहेरी फोनवर बोलायला लागली.

"अवं, भिंतीतून काहून चालून राहिली! दार तिकडं हाये!"

"आजी, तू पण भिंतीवर उभी आहेस," रितिका म्हणाली.

"मी घरची मोठी हावो. मी कुठंही उभी राहीन." एवढं म्हणून त्यांनी पाय हळूच आत घेतला.

ताराचंद टाकीजवळ उन्हात हात मागे बांधून उभे होते.

"आन तुम्ही? तुम्ही समुद्रात उभे हा, माहीत हाये का? या आत, बुडान."

ताराचंद चपला काढून आले. मोठ्या सूटच्या दारातून आत शिरले, दिवाणखाना पाहिला, टेबल ठेवायची जागा पाहिली, घोरणारा मुलगा पाहिला. मैनाबाई कान देऊन उभ्या होत्या. 'मले काय' आता येतं की मग येतं. पण ताराचंद ज्या दारानं आले त्याच दारानं बाहेर पडले आणि लहान्या सूटशी गेले. तिथं थोडा वेळ थांबले.

"बेटा," त्यांनी रितिकाला विचारलं, "या खोलीले दार असते का?"

"असतंच ना, आबाजी."

"कडी आतून लागते?"

"हो. आणि बाहेर पाटी पण लावता येते, कोणी दार वाजवू नका म्हणून."

"कोणीच नाही वाजवत?"

"कोणीच नाही."

ताराचंद खाली गेले. लघवीला गेले असतील असं वाटून कोणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं जिन्यातून प्लास्टिकची एक खुर्ची वर आली, तिच्याखाली ताराचंद. त्यांनी ती लाल काठाच्या आत, बाल्कनीत ठेवली. पुन्हा खाली गेले. धापा टाकत दुसरी घेऊन आले आणि पहिलीच्या बाजूला ठेवली. इतकी जवळ की हातावर हात यावा. मग एकीत बसले आणि समोर नंदनवनाच्या टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेले कपडे यांच्याकडे असे पाहू लागले, जणू तिथं खरंच समुद्र होता.

काजलनं माहेरचा फोन बंद केला. प्रज्वलचं घोरणं थांबलं होतं.

मैनाबाई कमरेवर हात ठेवून बाल्कनीशी आल्या. "दुसरी कोणासाठी आणली? विहीणबाई येऊन राहिल्या का?"

"तुह्यासाठी."

मैनाबाईंचे हात कमरेवरून खाली आले. "म्हणजे? हे पाहिजे तुम्हाले? तोंडानं सांगा. खुर्च्या काय, नाटकवालेही ठेवतेत."

"मले काय..." ताराचंद सवयीनं म्हणाले आणि थांबले. त्यांनी घसा साफ केला. "मले हे पाहिजे. लहान असो."

"काहून?"

ताराचंदांनी एकदा मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग ते दोघांनाही सोडून बायकोकडे पाहत बोलू लागले. आवाज हळूच होता, पण थांबला नाही.

"उमरेडले एक खोली. तिच्यात दोन माग, बाबा, माय, दोन भाऊ. माय दारातच बाज टाकून झोपे. मंग मी खापरखेड्याले पॉवर हाउसमध्ये लागलो. मी रातपाळीहून येवो तं तू पाण्याच्या लाइनीत. तू निजे तं माही पाळी. मंग हा प्रज्वल झाला, जया झाली. मंग बहिणीचे पोट्टे शिकाले आले. मंग रितिका आपल्याजवळच निजाले लागली. आपल्या दोघांच्या खोलीले आतून कडी कधी लागलीच नाही. आता पन्नास वर्षं होऊन राहिली. मले एक कडी लावून पाहायची हाये. बस. बसू, चहा घेऊ, पाणी पाहू. कोणी 'आई, चाबी कुठं हाये' म्हणून येणार नाही."

प्रज्वल टाकीच्या पाइपकडे असा पाहत होता जणू तो त्यानं आजच पाहिला. काजलनं पदरानं हसू झाकलं. रितिकानं फोन वर केला आणि आईनं तो खाली केला.

मैनाबाईंचे कान गरम झाले होते. या वयात! पोरांसमोर! त्यांच्या डोक्यात चिडायचे चांगले चांगले शब्द आले, पण ओठांवर एकही येईना. ते ओठ तिसरंच काही करायला बघत होते आणि मैनाबाईंनी ते घट्ट दाबून धरले होते. दिवाणखाना गेला, हे त्यांना कळत होतं. कोटवाला माणूस गेला. विहिणीला जी खोली मिळाली, अगदी तीच आपल्याला.

"पण बाबूजी," काजल म्हणाली, "वेगळ्या मजल्यावर रात्री काही झालं तर?"

"बेल हाये ना तिथं," मैनाबाई ताडकन म्हणाल्या. आपण हे काहून म्हणालो, ते त्यांनाच कळलं नाही.

"मग मम्मीला काय सांगू? तिला तर दिवाणखाना..."

"तू नको सांगू. मीच सांगते. मीच बोलली होती. लाव फोन."

प्रेमलतानं पहिल्या रिंगला उचलला.

"विहीणबाई, दिवाणखाना नाही घेतला आम्ही," मैनाबाईंनी श्वास न घेता सांगून टाकलं. "तुमच्यासारखीच खोली घेऊन राहिलो. यांनी पसंद केली."

"कोणी? ताराचंदभाऊंनी? पसंत केली?"

"हो. म्हणाले, आपण दोघंच राहू. बाल्कनीत बसू म्हणाले."

"दोघंच?" प्रेमलताचा आवाज जरा उतरला. "बरं आहे बाई तुमचं. आमचे हे तर बाल्कनीत बसलेच नाहीत. जहाज निघाल्यापासून जेवणाच्या हॉलमध्येच. तिथं समोसे ताजे होते म्हणे. ते व्हिडिओ काढले ना, ते मी एकटीच बसून काढले."

मैनाबाईंनी या विजयाचा आनंद विहिणीला ऐकू जाऊ दिला नाही. दोन शब्द व्याह्यांच्या प्रकृतीबद्दल विचारले आणि फोन ठेवला. चेहरा मात्र असा झाला होता, जणू घरात दुसऱ्यांदा लग्न निघालं आहे.

प्रज्वलनं तिथूनच सुरुचीला सांगून टाकलं, दोन लहान सूट, नावं तीच. मग तो, काजल आणि रितिका साड्यांच्या घड्या करायला लागले. मोठा सूट भिंतीभिंतीनं उचलला गेला. लाल काठाची साडी राहिली, कारण तिच्यात ताराचंद बसले होते.

आणि तेवढ्यात, बोलून झाल्यावर, त्यांचं धाडस उतरायला लागलं. "अवं," ते चाचरत म्हणाले, "तुले दिवाणखाना पाहिजे असन तं राहू दे. प्रज्वल फोन करन त्या सुरुचीले. मले काय, कुठंही..."

"चूप बसा!"

मैनाबाई लाल काठ ओलांडून आत आल्या, भिंतीतूनच. दुसऱ्या खुर्चीत बसल्या, पदर सावरला आणि गच्चीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी इतके दिवस समजली का माहा नवरा मुका हाये, भोळा हाये. तुम्ही मुके नाही आन भोळेही नाही. लबाड हा, पक्के लबाड! काय पाहिजे ते सारं ठाऊक होतं तुम्हाले, आन बोलणी खायाले मले समोर करून देलं. पण खोली बरोबर निवडली."